इंटरसेप्टर ६५० : डबलसीटला मागून ठोका लागतो, शॉकअप कोणते घ्यावेत?

विजापूरवेस_६५०

नमस्कार मंडळी. गाडी रॉयल एनफिल्डची इंटरसेप्टर ६५०, ३१,००० किमी झालेत, मागचे शॉकअप गाडीसोबत आलेलेच आहेत. माझं वजन हेल्मेट-जॅकेटसकट ९६ किलो. महिन्यातून दोन-तीनदा डबलसीट जाणं होतं : तुळजापूर, पंढरपूर, कधी विजयपूर. बायको ६२ किलो, दोन्हीकडच्या बॅगा मिळून १४.

एकट्याला काही तक्रार नाही. डबलसीट असलं की स्पीडब्रेकरवर मागून ठक् करून ठोका लागतो, आणि हायवेच्या लांब वळणात मागची बाजू झुलते : बसते, उठते, पुन्हा बसते. प्रीलोडची रिंग (स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची ते ठरवणारी) शेवटच्या खाचेवर नेली की ठोका थोडा कमी होतो, पण मग एकट्याला गाडी लाकडी वाटते. सध्या रिंग दुसऱ्या खाचेवर आहे.

तीन गॅरेजात तीन सल्ले मिळाले. एक म्हणतो २० मिमी लांब शॉकअप टाका, दुसरा म्हणतो डबा असलेले गॅसचेच घ्या, तिसरा म्हणतो नुसती जाड स्प्रिंग बसवा, कशाला खर्च. बजेट २०-२२ हजार. नेमकं काय बघून निवडायचं?

चिमटा_बुश

दादा, पैसे काढायच्या आधी अर्धा तास द्या. झुलण्याची कारणं शॉकअपच्या बाहेरही असतात.

गाडी डबल स्टँडवर घ्या. मागचं चाक दोन्ही हातांनी धरून डावी-उजवीकडे हलवा. खडखड जाणवली तर ती चाकाच्या बेअरिंगची की चिमट्याच्या (मागचं चाक धरणाऱ्या स्विंगआर्मच्या) मुख्य बोल्टची, ते वेगळं करा : चाक हलतंय पण चिमटा स्थिर, तर बेअरिंग, चिमट्यासकट सगळंच हलतंय, तर पिव्होट बुश. चिमटा ढिला असेल तर जगातला कुठलाही शॉकअप घाला, वळणात गाडी पोहणारच. टायरची हवाही गार टायरवर, मॅन्युअलमध्ये डबलसीटसाठी दिलेल्या आकड्याइतकी आहे का ते बघा. एकट्याच्या हवेवर डबलसीट फिरणारे निम्मे लोक शॉकअपला शिव्या देतात.

आता शॉकअप. रॉड फडक्याने पुसा, दहा-बारा किमी फिरून या, परत बघा. रॉडवर तेलाची पातळ फिल्म चालते. धूळ चिकटून काळं चिखलाचं कडं झालं असेल किंवा तेल ओघळत असेल, तर सील गेलं. दुसरी खूण हाताने कळते. शॉकअप हालचालीची उष्णता करतो, तेच त्याचं काम. खराब रस्त्यावर पंधरा-वीस मिनिटं चालवून थांबलात की दोन्ही शॉकअपच्या बॉडीला सावधपणे हात लावा. एक कोमट आणि दुसरा गार असेल, तर गार असलेला काम करत नाहीये. सायलेन्सर जवळच आहे, हात जपा.

मग सीट जोरात दाबून सोडा. मागची बाजू वर येऊन एकदाच स्थिरावली पाहिजे. दोन-तीनदा उड्या मारत असेल तर रिबाउंड (दबलेला शॉकअप परत उघडताना त्याला आवरणारा विरोध) संपला.

हे झालं की सॅग, म्हणजे वजनाने मागची बाजू किती बसते ते, मोजा आणि आकडे इथे टाका. आकड्याशिवाय सल्ला म्हणजे टपरीवरची गप्पा. पद्धत :

चाकाच्या अ‍ॅक्सलच्या बरोबर वर, मडगार्डजवळ फ्रेमवर मास्किंग टेप लावून पेनाने रेघ मारा. अ‍ॅक्सलचा मध्य ते रेघ हे अंतर चार वेळा मोजायचं : (१) चाक हवेत लटकत असताना, (२) गाडी स्वतःच्या वजनावर सरळ उभी, (३) तुम्ही पूर्ण कपड्यांत, पाय फूटरेस्टवर, (४) डबलसीट बॅगांसकट. दोन ते चारचं प्रत्येक माप दोनदा घ्या : एकदा मागची बाजू दाबून हळूच वर येऊ द्या, एकदा उचलून हळूच बसू द्या, आणि दोन्हींची सरासरी धरा. सील-बुशचं घर्षण ४-५ मिमी सहज खाऊन टाकतं. एकदाच मोजाल तर फसाल.

विजापूरवेस_६५०

चिमट्यात, बेअरिंगमध्ये खडखड नाही. उजव्या शॉकअपच्या रॉडवर ओलसर काळं कडं आहे, डावा कोरडा. सीट दाबून सोडली की दोन उड्या.

मापं, दुसऱ्या खाचेवर : लटकतं चाक ५८५, नुसती गाडी ५६९, एकटा ५४९, डबलसीट ५२३. शेवटच्या खाचेवर नुसती गाडी ५८१, एकटा ५६१.

धान्याच्या दुकानातल्या प्लॅटफॉर्म काट्यावर मागच्या चाकाचं वजनही केलं, पुढच्या चाकाखाली तेवढ्याच उंचीची फळी ठेवून : नुसती गाडी १०८ किलो, एकटा १६६, डबलसीट २४०. शॉकअपच्या दोन डोळ्यांमधलं (टोकांच्या बोल्टच्या भोकांमधलं) अंतर लटकत्या चाकापासून डबलसीटपर्यंत ५५ मिमीने कमी झालं.

न्यूटनमीटर

वा अण्णा, काट्यावर गाडी चढवणारा पहिलाच भेटला. आता अंदाज नको, हिशोबच करू.

इंटरसेप्टरच्या मागच्या चाकाचा प्रवास, म्हणजे वर-खाली हलण्याचा पल्ला, ८८ मिमी आहे. डबलसीटला तुम्ही ५८५ − ५२३ = ६२ मिमी आधीच बसलेले आहात. म्हणजे गाडी उभी असतानाच सत्तर टक्के प्रवास संपला. खड्डा आणि ब्रेकर झेलायला उरले २६ मिमी. ठोका लागणार नाही तर काय होईल! इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा ब्रेकर ३.७ मीटर रुंद आणि १० सेंमी उंच असतो, तो सावकाश घेतला तर निभतं. पण गल्लीच्या तोंडाशी लोकांनी स्वतः ओतलेले काँक्रीटचे दांडके तसले नसतात.

आता स्प्रिंग. तुम्ही बसल्यावर मागच्या चाकावर ५८ किलो वाढले, म्हणजे ५६९ न्यूटन, आणि गाडी २० मिमी बसली. चाकापाशी ताठपणा २८ न्यूटन प्रति मिमी. डबलसीटला आणखी ७४ किलो म्हणजे ७२६ न्यूटन आणि २६ मिमी. परत २८. दोन्ही उत्तरं जुळतात, म्हणजे एवढ्या पट्ट्यात तरी मोजमाप बरोबर आहे.

चाकापाशीचा ताठपणा आणि स्प्रिंगचा ताठपणा एक नव्हे. शॉकअप तिरका असतो, चाक ६२ मिमी हललं तेव्हा तो ५५ हलला. गुणोत्तर ०.८९, त्याचा वर्ग ०.७९. दोन शॉकअप आहेत, म्हणून एका स्प्रिंगचा ताठपणा = २८ ÷ (२ × ०.७९) = १७.७ न्यूटन प्रति मिमी.

आता पाहिजे काय ते ठरवा. एकट्याला एकूण प्रवासाच्या ३० टक्क्यांच्या आसपास सॅग चांगला, म्हणजे २६-२८ मिमी. नुसत्या गाडीचा १० मिमीच्या आसपास. तुमचे आत्ताचे आकडे ३६ आणि १६ आहेत. शेवटच्या खाचेवर एकट्याचा २४ येतो, दिसायला छान, पण नुसत्या गाडीचा फक्त ४ उरतो. म्हणजे खड्ड्यात चाकाला खाली उतरायला जागा नाही, शॉकअप वरच्या टोकाला जाऊन आदळतो. तुम्हाला 'लाकडी' वाटतं ते हेच. प्रीलोडने स्प्रिंग कडक होत नाही, गाडी फक्त उचलली जाते. मऊ स्प्रिंग दाबून धरली तरी मऊच.

२१ न्यूटनची स्प्रिंग घेतली तर चाकापाशी ३३ येतात. तुम्ही बसल्यावर १७ मिमी, डबलसीटला आणखी २२. नुसत्या गाडीचा १० धरला तर एकट्याला २७, डबलसीटला ४९. डबलसीटच्या दिवशी प्रीलोड १० मिमी वाढवला की चाकापाशी ११ मिमी मिळतात : सॅग ३८, शिल्लक ५०. आत्ताच्या २६ शी तुलना करा.

म्हणून मागणी करताना असं सांगा : २१ ते २२ न्यूटनची स्प्रिंग आणि प्रीलोडची निदान १० मिमी रेंज. बॉक्सवर आकडा पौंड प्रति इंचात असेल तर ०.१७५ ने गुणा. किलो प्रति मिमीत असेल तर ९.८ ने. १२० पौंडांची स्प्रिंग म्हणजे २१ न्यूटन. आकडा सांगता येत नाही म्हणणाऱ्या विक्रेत्याकडून घेऊ नका. "तुमच्या गाडीलाच येतं हो" हे उत्तर आकडा नव्हे.

होटगीरोड_टूरर

गणित मान्य, पण मी २४ ची घेईन. २४ ने चाकापाशी ३८ येतात. एकट्याला १५ मिमी, डबलसीटला आणखी १९. नुसत्या गाडीचा ११ ठेवला तर २६ आणि ४५, आणि डबलसीटला प्रीलोड फक्त ७ मिमी वाढवावा लागतो. दर वेळी तुळजापूरला निघताना पार्किंगमध्ये उकिडवं बसून प्रीलोडची कॉलर फिरवायची कोणाला हौस असते? लोक एकदा फिरवतात, मग कंटाळतात, मग तशीच चालवतात.

आणि उसाच्या सीझनमध्ये मोहोळ-पंढरपूरकडचे रस्ते ट्रॉल्यांनी काय करून ठेवतात ते सोलापूरकरांना सांगायला नको.

न्यूटनमीटर

त्याच रस्त्यांसाठी म्हणतोय मी २१-२२. महिन्यात दोन-तीन दिवस डबलसीट, बाकी सगळे दिवस एकटे. २४ ने प्रत्येक खड्ड्याला पाठीत १४ टक्के जास्त जोर, तोही कायमचा. रोज डबलसीट असते तर मीच २४ सांगितली असती. पण कॉलरचा कंटाळा हा मुद्दा खरा आहे. त्यावर उपाय म्हणजे हाताने फिरवायचा हायड्रॉलिक प्रीलोडचा नॉब, पण तो या बजेटात बसत नाही.

आणखी एक. 'नुसती जाड स्प्रिंग बसवा' हा सल्ला इथे चालणार नाही. उजव्याचं सील गेलंय, दोन उड्या म्हणजे रिबाउंड आधीच कमी आहे. स्प्रिंग १७.७ वरून २१ केली तर रिबाउंडही त्याच वर्गमूळाच्या प्रमाणात, म्हणजे ९ टक्क्यांच्या आसपास, जास्त लागतो. दमलेल्या डँपरवर (शॉकअपच्या उड्या आवरणाऱ्या तेलाच्या भागावर) ताठ स्प्रिंग म्हणजे पोरांचा उड्या मारायचा बांबू.

जाडीचा मोह का धोक्याचा, तेही बघा. तारेच्या जाडीचा चौथा घात लागतो. साडेसातची तार आठ मिमी केली, बाकी सगळं तेच, तर ताठपणा २९ टक्क्यांनी वाढतो. स्वतः मोजायचं असेल तर सूत्र असं : ७९,००० × (तारेची जाडी)⁴ ÷ (८ × (मध्यव्यास)³ × चालू वेढे). सगळं मिमीत. मध्यव्यास म्हणजे बाहेरच्या व्यासातून एक तार वजा. टोकाचे बसके वेढे धरायचे नाहीत, साधारण दोन सोडा. साडेसातची तार, ४८ चा मध्यव्यास, १४ वेढे : २० न्यूटन येतात. व्हर्नियर लावायच्या आधी एका जागचा रंग खरवडा. ०.१ मिमी रंग मोजला गेला तरी उत्तर पाच टक्क्यांनी चुकतं.

लेथवाला_अशोकचौक

स्प्रिंगवर एवढं झालं, आता बसणार कसं ते बघा. आमच्याकडे येणारी दहातली सात कामं चुकीच्या बुशची असतात.

ऑर्डर द्यायच्या आधी जुना शॉकअप काढून व्हर्नियरने सहा मापं लिहा : डोळा ते डोळा मध्यापासून मध्यापर्यंत लांबी (पूर्ण उघडलेला), वरच्या बुशचं भोक, वरच्या बुशची रुंदी, खालच्या बुशची तीच दोन, आणि स्प्रिंगचा बाहेरचा व्यास. वरचं आणि खालचं सारखंच असतं असं धरू नका.

भोक पिनेपेक्षा मोठं असेल तर पातळ पत्रा गुंडाळून घालतात काही जण. तो पत्रा पंधरा दिवसांत चुरगळतो आणि टकटक सुरू होते, मग माणूस म्हणतो शॉकअपच खराब. माइल्ड स्टीलची स्लीव्ह टर्न करून घ्या, पिनेवर हाताने सरकेल पण हलणार नाही अशी. बुश रुंदीला कमी पडत असेल तर दोन्ही बाजूंना सारखे वायसर. एकाच बाजूला दोन घातले की शॉकअप वाकड्या रेषेत काम करतो आणि एका बाजूने सील खातो.

लांबीचं ऐका. २० मिमी लांब टाकायला सांगणाऱ्याला विचारा की ठोका त्याने कसा जाईल? मागची बाजू २२ मिमी वर येईल, १४०० मिमीच्या व्हीलबेसवर पुढचा कोन जवळजवळ एक अंशाने उभा होईल, ट्रेल (हँडलच्या अक्षाची रेघ जमिनीला मिळते तिथपासून पुढचा टायर टेकतो तिथपर्यंतचं अंतर) ५-६ मिमी कमी होईल. हँडल चटपटीत वाटेल, पण हायवेवर हलकं पडेल. डबल स्टँडवर चाक जमिनीला टेकायला लागेल, आणि साइड स्टँडवर गाडी जास्त कलेल. चेन चिमट्याच्या रबरी पट्टीवर घासते का तेही बघावं लागेल. ५ मिमीपर्यंत फरक चालून जातो. २० नको.

उघडलेल्या लांबीइतकीच पूर्ण दाबलेली लांबी महत्त्वाची, ती कुणी विचारतच नाही. लांबी तीच पण स्ट्रोक (दबण्याचा पल्ला) १० मिमी जास्त असलेला शॉकअप आला, तर चाक ११ मिमी जास्त वर जातं. टायर मडगार्डच्या आतल्या बोल्टला लागतो. रबरावर गोल ओरखडा दिसला की समजायचं.

काळी_माती

डब्याबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो.

साध्या इमल्शन शॉकअपमध्ये तेल आणि गॅस एकाच नळीत असतात. सलग खडबडीत रस्त्यावर दोन्ही घुसळून फेस होतो, पिस्टनला तेलाऐवजी फेस मिळतो आणि दाब ढिला पडतो. थांबून गार झाला की पुन्हा ठीक. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२-४३ ला जातो, तेव्हा तेल आधीच पातळ झालेलं असतं. फ्लोटिंग पिस्टन असलेल्यात नायट्रोजन आणि तेल यांच्यामध्ये पडदा असतो, त्यामुळे फेस होत नाही. बाहेरचा डबा हा त्या पिस्टनला आणि जास्तीच्या तेलाला दिलेली जागा, एवढंच. तोच पिस्टन मुख्य नळीत बसवलेले बिनडब्याचे शॉकअपही मिळतात, आणि तुमच्या वापराला तेवढं पुरे. इमल्शनवाला कंपनीने सांगितलेल्या दिशेनेच लावायचा. पडद्याचा उलटासुलटा चालतो.

स्वस्तातल्या डब्यांपासून जपा. कित्येकांचा डबा नुसता शोभेचा असतो. आत मार्गच नाही, अ‍ॅल्युमिनियमचं रिकामं भांडं स्क्रूने अडकवलेलं. क्लिकचा नॉब पूर्ण बंद करून रॉड हाताने ओढा, मग पूर्ण उघडून ओढा. फरक जाणवला नाही तर नॉब खोटा. स्प्रिंगवर ताठपणाचा कोड आणि बॉडीवर सिरियल नंबर आहे का बघा. पिवळा किंवा निळा रंग कुणीही मारतं.

नावं घ्यायची तर थायलंडची वायएसएस, ब्रिटनची हॅगन, स्वीडनची ओहलिन्स. हॅगनवाले ऑर्डर घेतानाच वजन विचारतात, ही पद्धत मला आवडते. ओहलिन्स तुमच्या बजेटबाहेर. पण नावापेक्षा एकच विचारा : हा उघडून दुरुस्त होतो का, सीलकिट मिळतं का? उघडणारा असेल तर २०-३० हजार किमीला तेल-सील बदलून परत चालतो. नायट्रोजन भरायला टायरवाल्याकडे मात्र नेऊ नका. शॉकअपला दहा बारच्या घरात दाब लागतो, त्याचं यंत्र तिथवर जात नाही. आणि गॅसचा शॉकअप घरी उघडायचा तर मुळीच नाही, आतला दाब झाकण डोळ्यावर मारतो.

डबेवाला घेतलाच तर साडीगार्ड आणि बॅगेची फ्रेम यांच्याशी अंतर बघा. साडीगार्ड काढून टाकू असं म्हणू नका. मोटार वाहन नियम १२३ प्रमाणे मागे बसणाऱ्याच्या कपड्यांसाठी चाकाचा निम्मा भाग झाकणारं काहीतरी असावंच लागतं, आणि ते नुसतं कागदावरचं नाही. ओढणी-पदर चाकात गेला की काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे.

विजापूरवेस_६५०

ठरलं. २२ न्यूटन, बिनडब्याचे पडदावाले, थ्रेडेड कॉलर, रिबाउंडचे क्लिक, लांबी जुन्याइतकीच. वरची बुश पिनेला बरोबर आहे, खालच्याला स्लीव्ह लागेल, ती लेथवाल्या दादांच्या मापाने करून घेतो. बसवणं घरीच करायचंय. क्रम सांगाल का? आणि कॉलर नेमकी किती फिरवायची?

चिमटा_बुश

क्रम सोपा आहे, घाई नको.

सायलेन्सर पूर्ण गार. डबल स्टँड, सपाट फरशी. मागच्या चाकाखाली फळ्या सरकवा, चाक जेमतेम टेकेल एवढ्या, म्हणजे चिमटा लोंबणार नाही आणि बोल्टवर ताणही येणार नाही. दोन्ही शॉकअप एकदम काढू नका. एक काढा, तोच लावा, मग दुसऱ्या बाजूला जा. बोल्ट ठोकून काढावा लागत असेल तर ठोकू नका, चाक दोन मिमी वर-खाली करा, आपोआप सुटतो. हातोडी घेतली की पिनेच्या आट्या गेल्या.

पिना रॉकेलने पुसा, गंज पॉलिश पेपरने काढा, ग्रीसचा पातळ हात. नायलॉकचे नट नवे घ्या, जुन्याचं नायलॉन एकदा कातलं की पकड राहत नाही. सुरुवातीला नट फक्त टेकवा. रबरी बुश असतील तर शेवटचा टॉर्क गाडी चाकांवर उभी करून, वर कोणीतरी बसवून मारायचा, मॅन्युअलमधल्या आकड्याने. लटकत्या चाकावर आवळलं तर गाडी खाली येताच रबराला कायमचा पीळ बसतो आणि सहा महिन्यांत ते फाटतं. हे शंभरात नव्वद गॅरेजात कुणी करत नाही.

कॉलर फिरवायच्या आधी आट्या ब्रशने साफ करा, एक थेंब तेल. आपली काळी धूळ आट्यांत बसली आणि वरून हूक पाना लावून जोर केला की अ‍ॅल्युमिनियमच्या आट्या सोलून निघतात. आधी लॉक रिंग सोडा. आट्यांचा पिच मोजून घ्या. दीड मिमी असेल तर १० मिमीला पावणेसात फेरे. मोजणं फेऱ्यांवर ठेवू नका, स्केलने दोन्ही बाजूंची उघडी लांबी सारखी आली का बघा. एकट्याची आणि डबलसीटची अशा दोन रेघा परमनंट मार्करने बॉडीवर मारून ठेवा, पार्किंगमध्ये स्केल शोधत बसावं लागत नाही.

सॅग पुन्हा मोजा. नुसत्या गाडीचा ९-१०, एकट्याचा २६-२७ आला की थांबा. दोन्ही एकदम जुळत नसतील, म्हणजे एकट्याचा २७ करताना नुसत्या गाडीचा ३-४ वरच येत असेल, तर स्प्रिंग मऊ आली. १४-१५ येत असेल तर ताठ आली.

न्यूटनमीटर

त्यात रिबाउंड जोडतो. नॉब उजवीकडे हलक्या हाताने पूर्ण बंद करा. जोर नको, आतली सुई बसते. तिथून क्लिक मोजत एकूणाच्या निम्म्यावर आणा. दोन्ही बाजू सारख्या. मग ओळखीचाच एक रस्ता पकडा, रोज नवा नको, आणि एका वेळी दोनच क्लिक बदला.

वळणात किंवा ब्रेकरनंतर मागची बाजू एकापेक्षा जास्त वेळा उठत-बसत असेल तर दोन क्लिक बंद करा. उलट, एकामागोमाग खड्ड्यांवर गाडी हळूहळू खाली बसत जाते, पहिला खड्डा मऊ आणि चौथा दगडासारखा लागतो, तर रिबाउंड जास्त झाला, चाकाला परत खाली यायला वेळच मिळत नाही. दोन क्लिक उघडा. लोक नेमकं उलट करतात, कडक लागतंय म्हणून आणखी बंद करत जातात. डबलसीटला प्रीलोड वाढवाल तेव्हा एक-दोन क्लिक बंद करायलाही विसरू नका.

रॉडवर झिपटाय घट्ट सरकेल एवढा बांधा. फिरून आलात की तो किती वर गेला ते बघा. डबलसीटला महिन्यातून एखाद्या ब्रेकरला टोकाच्या रबरापर्यंत पोचला तर ठीकच, तेवढा प्रवास वापरायलाच असतो. रोज पोचत असेल तर प्रीलोड.

लेथवाला_अशोकचौक

दोनशे किमीनंतर चारही नट परत तपासा, नवे वायसर बसतात. वॉशिंग सेंटरला जेट रॉडच्या सीलवर मारू देऊ नका, पाण्याबरोबर माती आत जाते आणि क्रोमवर उभे ओरखडे पडतात. ओल्या फडक्याने पुसायचं, तेल लावायचं नाही. तेलाला धूळ धरते.

विजापूरवेस_६५०

बसवले. नुसती गाडी १०, एकटा २६, डबलसीट कॉलर वर घेऊन ३८. एकच : साइड स्टँडवर गाडी उभी करताना खालच्या बाजूला एकदाच 'टक्' येतो, चालवताना नाही. स्लीव्ह ढिली असेल का?

लेथवाला_अशोकचौक

स्लीव्ह ढिली असती तर चालवताना आधी वाजली असती. कॉलरच्या खाली स्प्रिंगचं टोक खाचेत नीट बसलंय का बघा. स्प्रिंग दाबताना थोडी फिरते, टोक अडकलेलं असेल तर सुटताना टक् करते. कॉलर दोन फेरे सैल करून स्प्रिंग हाताने फिरवा, टोक बसवा, परत आवळा. तरी राहिला तर सोमवारी घेऊन या, स्लीव्ह बघू.